मोकळी पाळी

आसाराम पाटलांच्या कारकिर्दीत बोरखिळ्यात एखादा माणूस उपाशी मेला असेल, पण कंटाळून कोणी मेलं नाही. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखरेची चव लोक विसरत चालले होते, आणि शेवगावात नव्या धोतरासाठी रांगेत उभं राहावं तर नेसलेलं धोतर फाटून यायचं. अशा दिवसांत पाटील गावाला आठवड्यातून एकदा पोटभर हसवत. कधी माकडवाला आणत, कधी नजरबंदीचे खेळ, कधी नगरहून मागवलेला फोनो. फोनोच्या सुया संपल्या तेव्हा त्यांनी बाभळीचा काटा लावून तबकडी वाजवली. गाणारी बाई म्हशीसारखी हंबरली, आणि गाव पुन्हापुन्हा तीच तबकडी लावायला सांगू लागलं.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे एडक्यांच्या टकरी. गनीभाई मुलाण्याचा काळा एडका पाटलांनी खुराकाला धरला होता. त्याचं नाव जर्मन. तो जिंकला की पोरंसोरं "जर्मन जिंकला, जर्मन जिंकला" असं वेशीपर्यंत ओरडत जायची. एकदा नेमका त्या वेळी तालुक्याचा शिपाई चावडीत बसलेला होता आणि पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारचा पाटील, आणि त्याच्या गावात जर्मन जिंकतो म्हणजे काय? तेव्हापासून सरकारच्या दोस्त राष्ट्रांच्या मानाखातर नियम झाला, की एडका जिंकला तर त्याचं नाव दोस्त आणि हरला तर जर्मन.

या सगळ्या आनंदात एकट्या गोजरबाईला हसू येत नव्हतं. तिचा नवरा छगन, म्हणजे पाटलांच्या पाठचा भाऊ, गेल्यावर पाडव्याला भावकी बसली होती. ज्या बैठकीत पाटलांच्या बायकोने, मालनबाईने, जावेच्या बाजूने जन्मात पहिल्यांदा नवऱ्यासमोर तांब्या आपटला तीच ही बैठक. तांब्याला पोचा आला आणि निवाड्यातही थोडासा आला. छगनच्या वाटणीचं रान गोजरबाईने एक साल करून बघावं, गहू पिकवून दाखवला तर रान तिचं. नाही पिकला, तर रान पाटलांच्या नांगराखाली जाईल आणि तिने मुकाट्याने पाटलांच्या चुलीपुढे भाकरी थापत बसावं.

गव्हाला पाणी लागतं, आणि पाणी होतं सामाईक विहिरीत. सोमवार-मंगळवार पाटलांची पाळी, बुधवार चुलतभाऊ राधाकृष्णाची, गुरुवार गोजरबाईची, शुक्रवार धाकट्या भावाची, पुंजारामाची. शनिवार-रविवार विहीर झरायला सोडलेली. खापरपणजोबापासूनचा एक नियम होता. दिवस कासराभर वर आला आणि धावेवर, म्हणजे मोट ओढताना बैल उतरतात त्या उतारावर, पाळीवाल्याची जोडी जुंपलेली नसली, तर ती पाळी मोकळी. मोकळी पाळी जो आधी बैल आणील त्याची. नियम पाणी वाया जाऊ नये म्हणून केला होता. बाईमाणसाने मोट हाकायची नाही हाही त्याच खापरपणजोबाचा नियम, तो मात्र कशापायी केला होता हे कोणी सांगत नव्हतं.

म्हणून गोजरबाई आणि पुंजाराम यांची सावड होती. एक बैल तिचा, एक त्याचा. पुंजाराम दोघांच्या पाळीला मोट हाकायचा आणि ती दोघांच्या रानात दारं धरायची, पाटाचं पाणी फावड्याने वाफ्यावाफ्यात वळवायची. सावड उत्तम होती. फक्त पुंजारामाच्या कानावर हलगी पडता कामा नये.

बुधवारी दिवस मावळताना, राधाकृष्णाची मोट सुटल्यावर, तिने पुंजाराम आणि राधाकृष्ण दोघांनाही ओसरीवर बोलावून घेतलं.

"भावजी, मागल्या गुरवारी काय हुतं?"

"माकडवाला!" पुंजारामाचा चेहरा उजळला. "काय माकड हुतं वैनी! चिलीम वढायचं, आन् वर खोकायचं बी!"

"त्याच्या मागल्या गुरवारी?"

"फोनो."

"आन् उंद्या?"

"उंद्या तर टक्कर हाय. नेवाशाचा एडका येतोय, शिंगं ही एवढी!"

"बरं. आता मला सांगा, सोमवारी कधी माकड आलं का? मंगळवारी कधी फोनो वाजला?"

पुंजारामाने डोकं खाजवलं. "न्हाई बा. त्या दिशी दादांना येळ कुठला? त्या दिशी त्यांची पाळी असती. ते बैल घिऊन हिरीवर..." बोलता बोलता तो बोटांवर वार मोजू लागला.

"दोन गुरवार माझी पाळी मोकळी गेली," गोजरबाई म्हणाली. "तुमी माकड बघत हुता, आन् थोरल्या घरचा सालगडी गोरक्ष आपल्या धावंवर त्यांची जोडी हाकत हुता. माझा गहू चिकात आलाय भावजी. काळं रान आन् थंडी म्हनून तगलाय. आता पानी न्हाई भेटलं तर दाना भरायचा न्हाई, नुसतं काड हातात येईल."

राधाकृष्ण बेचाळीसच्या चळवळीत विसापूरच्या तुरुंगात राहून आला होता. तेव्हापासून तो कुठल्याही गोष्टीची सुरुवात इंग्रजापासून करायचा.

"ही राजनीती हाय वैनी. इंग्रजानं दुसरं काय केलं? लेव्हीचं धान्य न्यायच्या दिशी गावात शिनेमाची गाडी पाठवली. आपन पडद्याकडं बघत बसलो आन् मागल्या मागं पोती गेली."

"पर इमानं काय भारी दावली हुती!" पुंजाराम म्हणाला.

"भारी तर हुतीच," राधाकृष्णाने कबूल केलं आणि लगेच आवाज चढवला. "पर मुद्दा असा, की मानसाला रमवला की त्याला लुटायला दांडकं लागत न्हाई. ह्याच्यावर उपाय एकच. बहिष्कार! उंद्या आपल्यातलं कोनी टक्कर बघायला जायचं न्हाई."

दोघांनी मढीच्या नाथाची आण घेतली. पुंजारामाने तर दोनदा घेतली. गोजरबाईला बरं वाटलं, पण दोनदा घेतलेली आण तिला जरा पातळच वाटली.

गुरुवारी उजाडताच पुंजाराम धावेवर हजर होता. गोजरबाईचा बांडा आणि त्याचा स्वतःचा काळ्या जुंपलेले, मोट विहिरीत सोडलेली. दोन-चार मोटा थारोळ्याच्या हौदात पडल्या, पाटाला पाणी लागलं, आणि गावाकडून हलगी कडाडली.

पुंजारामाने मान खाली घातली. हलगी थांबली. त्याने सुटकेचा श्वास सोडला, तोच ती पुन्हा सुरू झाली आणि या वेळी सोबत सनईही होती.

"वैनी," तो म्हणाला, "तंबाखूला चुना न्हाई."

"माझ्याकडं हाय." तिने कनवटीची डबी काढून दिली.

त्याने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. मग आभाळाकडे बघितलं. "काळ्या आज बिचकतोय. हलगी आयकली की असंच करतोय. त्याला यकदा जवळ नेऊन दावलं पायजे, म्हंजे भ्या मोडंल."

"भावजी, बैलाला टक्कर दावायची?"

"गेलो आन् आलो!" आणि त्याने जू उतरवून खरोखरच काळ्याचा कासरा धरला आणि गावाची वाट धरली. बैल रेंगाळत होता, पुंजाराम ओढत होता. बिचकणारं कोण होतं ते लांबूनही दिसत होतं.

गोजरबाई राधाकृष्णाला हाक मारायला वळली तर तो बांधावरून धोतर वर धरून झपाझप निघालेला. "मी बघायला न्हाई जात वैनी!" तो लांबूनच ओरडला. "निषेध करायला जातोय. निषेध पुढं बसून करावा लागतो!"

धावेवर एकटा बांडा उरला. एका बैलाने मोट निघत नाही. दिवस कासराभर वर आला आणि गोरक्ष पाटलांची पांढरीशुभ्र खिल्लारी जोडी घेऊन आला. तो बिचारा भला माणूस होता, त्याने मान वर केली नाही. "मोकळी पाळी हाय बाई," असं काहीतरी तो पुटपुटला. गोजरबाईने बांड्याला सोडलं आणि बांधावर बसून ती मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिला भूक लागली. भाकरी खाता खाता तिच्या ध्यानात आलं, की आपण चुकीच्या माणसांना चुकीची आण घातली. माशीला गुळापासून उठवायला आण कशाला घालायची? गुळाचा खडाच उचलून दुसरीकडे ठेवावा.

नेवाशाचा एडका हरला. म्हणून रविवारी दुपारी पाटलांनी भावकीला नि गावाला जेवण घातलं. एडका जिंकला म्हणून बोकड कापला, त्यात बोकडाचा काय दोष हे कोणी विचारलं नाही. दोस्त गळ्यात झेंडूची माळ घालून पंगतीच्या टोकाला बांधलेला होता आणि हळूहळू ती माळ खात होता.

आसाराम पाटील हातात रश्श्याचं भगुणं घेऊन स्वतः वाढत फिरत होते. मिशा भरघोस, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. माणूस मनाने खरंच वाईट नव्हता. लोकांनी हसावं, जेवावं, आपलं नाव घ्यावं, यात त्यांना मनापासून आनंद होता, आणि त्या आनंदाच्या आडून विहीरही आपल्याकडे वाहिली तर त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं.

"दाबून काय व्हतंय राधाकृष्णा?" ते वाढता वाढता सांगत होते. "तुजा इंग्रज येडा, त्यानं तुला तुरुंगात दाबला, तू वर उसळलास. मी त्याच्या जागी असतो तर तुला टकरीचा पंच केला असता. रमलेला मानूस सोताहून खाली बसतो बघ."

"हे मातूर खरं हाय दादा," राधाकृष्ण नळी फोडत म्हणाला. त्याचा निषेध पंगतीतही सुरूच होता, दुसऱ्यांदा रस्सा मागून.

गोजरबाई माजघराच्या दाराआड उभी होती. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. तिला काही सांगायचं असलं की ती मालनबाईला सांगायची, मालनबाई उंबऱ्यावर बसून नवऱ्याला सांगायची, आणि पाटील भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. सगळ्यांना सगळं दोनदा ऐकू यायचं.

"बाई, त्यांना म्हनावं टक्कर झ्याक झाली. पर गावात लोक बोलत्यात."

"लोक बोलत्यात म्हनं," मालनबाई म्हणाली.

"काय बोलत्यात?" पाटलांनी भिंतीला विचारलं.

"पाटलाला डोस्क्याची टक्कर लावता येती, खांद्याची न्हाई म्हनत्यात. पाटलाची खिल्लारी जोडी नुसती पोळ्याला रंगवून मिरवायची. मोटंला आमचा बांडा आन् पुंजाभावजींचा काळ्याच भारी."

मालनबाईने हे सांगताना एक अक्षर गाळलं नाही, उलट 'नुसती' या शब्दावर अंमळ जास्तच जोर दिला. पंगतीतली सगळी तोंडं चावायची थांबली.

"कोन म्हनतंय?" पाटलांनी भगुणं खाली ठेवलं.

"नाव कशाला घ्यायचं?" गोजरबाई म्हणाली. "यकदा लावून बघावी म्हनत्यात. मोटंची शर्यत. येत्या गुरवारी. सकाळची अर्धी पाळी आमची जोडी, दुपारची अर्धी थोरल्या घरची. गनीभाईनं मोटा मोजायच्या."

पाटील काही खुळे नव्हते. त्यांनी भिंतीकडे बघून डोळे बारीक केले. "तिला सांग, मला डाव कळतो. गुरवारची पाळी मोकळी जाऊ नये म्हनून ही युगत. माज्या बैलानं वढायचं आन् पानी तिच्या गव्हात?"

"तसं कसं?" गोजरबाई लगेच म्हणाली. "ज्याची जोडी त्याचं पानी. सकाळी आमच्या रानात, दुपारी त्यांच्या."

आता पाटील अडकले. त्यांचं नुकसान काहीच नव्हतं, उलट अर्धा गुरुवार आयता मिळत होता. आणि गावाला तर वेडच लागलं. मोटेची शर्यत! हे आजवर कोणी बघितलं नव्हतं. गनीभाई पत्रावळीवरून उठलाच. "पाटील, हो म्हना! असला खेळ नगर जिल्ह्यात झालेला न्हाई!" पुंजारामाने उष्ट्या हाताने मांडी थोपटली. पाटलांनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. ही तोंडं त्यांनीच लाडाने सोकावून ठेवली होती, आणि आता त्यांना नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"लावा शर्यत," ते म्हणाले.

"अजून येक," दाराआडून आवाज आला. "पाटलांनी सोता मोटंचा नाडा धरला तरच गंमत. गोरक्षानं हाकली तर ती गोरक्षाची शर्यत म्हनतील लोक."

ही शेवटची अट सगळ्यांना मानाची वाटली. मालनबाई तेवढी वळून जावेकडे बघत राहिली. चुलीजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "अर्ध्या पाळीत तुझं अर्धंच रान भिजंल गं. बाकीचं अर्धं?"

"बघू," गोजरबाई म्हणाली. खरं तर तिलाही खात्री नव्हती. तिला एवढंच माहीत होतं, की पाटील स्वतः नाड्यावर बसणार म्हटल्यावर सगळं गाव धावेवर येईल. दुपारी पाटाचं पाणी पाटलांच्या रानाकडे वळवायचं काम गोरक्षाकडे होतं, आणि गोरक्षही शेवटी गावातलाच माणूस होता.

गुरुवारी विहिरीवर जत्रा भरली. आजूबाजूच्या वाड्या लोटल्या, भेळवाला आला, दोस्तालाही शिंगांना रंग लावून आणून बांधला. गनीभाई थारोळ्यापाशी खड्यांची पाटी घेऊन बसला, मोट पडली की एक खडा मडक्यात.

पुंजाराम हलगी ऐकूनही त्या दिवशी जागचा हलला नाही, कारण सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. ज्याने जन्मभर तमाशे बघितले त्याला आज कळलं, की तमाशा होण्यात त्याहून मजा आहे. बैल धाव उतरताना तो नाड्यावर बसून हवेत हात काय हलवायचा, फेटा काय उडवायचा! मोटांवर मोटा पडत गेल्या आणि खाली गोजरबाई कासोटा मारून, गुडघाभर चिखलात दारं धरत होती. तिचा नवरा गेल्यापासून त्या रानाने इतकं पाणी एका दमात पाहिलं नव्हतं. दुपार होईतो निम्मं रान काळं, ओलं झालं. उरलेलं निम्मं पांढरं, भेगाळलेलं, आणि त्यातला गहू माना टाकून उभा.

दुपारी आसाराम पाटील धावेवर आले. अंगात नवी बंडी, डोक्यावर जरीचा फेटा. त्यांनी कपाळाला नाडा लावून नमस्कार केला आणि लोक इतके ओरडले, की बगळ्यांचा थवा उडाला.

गोरक्ष खाली पाटाच्या फाट्यावर फावडं घेऊन उभा होता. तिथे बांध फोडून, गोजरबाईकडचं तोंड बुजवून पाणी थोरल्या घरच्या रानात सोडायचं. पण फाट्यावरून धाव दिसत नव्हती. नुसता गलका ऐकू येत होता. पाटलांनी पहिली मोट काढली, गलका झाला. दुसऱ्या मोटेला पाटील नाड्यावर बसले आणि नाडा करकरला, तसा लोकांनी असा काही कल्ला केला की गोरक्षाला राहवेना.

"यवढी यक बघून येतो बाई," तो गोजरबाईला म्हणाला. "मग फोडतो बांध."

"जा की," गोजरबाई म्हणाली.

तो गेला तो गेलाच. फावडं फाट्यावर उभं राहिलं, आणि पाटलांच्या खिल्लारी जोडीने ओढलेलं पाणी जुन्या वाटेने गोजरबाईच्या गव्हात शिरू लागलं.

तिचा हात थबकला. दार बंद करावं? ओरडून सांगावं? तिने सुकलेल्या वाफ्याकडे बघितलं. मग तिने पुढच्या वाफ्याचं तोंड उघडलं.

थोड्या वेळाने बांधावर मालनबाई आली. लुगडं सावरत तिने पाटाकडे बघितलं, फाट्यावरच्या बेवारशी फावड्याकडे बघितलं, मग गोजरबाईकडे. गोजरबाई चिखलात तशीच उभी राहिली. आता ही वर जाऊन सांगणार, आणि संपलं.

"त्यो कडंचा वाफा राहिला की गं," मालनबाई म्हणाली. तिने पदर खोचला, फाट्यावरचं फावडं उचलून आणलं आणि चिखलात उतरली. "उगं बघत काय बसलीस? पाडव्याला तांब्या आपटला तवापास्नं मला काई काम न्हाई."

दोघी जावा हसत सुटल्या. त्यांचं हसणं कोणाला ऐकू आलं नाही, कारण वर पाटील गात होते. आवाज बेसूर, पण दम मोठा. घामाने बंडी भिजली, जरीचा फेटा सुटून गळ्यात आला, तरी ते थांबायला तयार नव्हते. पुंजारामाचं मडकं भरलं होतं तिथवर त्यांचं मडकं आलं, तेव्हा कुठे गोरक्षाला आपला बांध आठवला. त्याने गर्दीबाहेर येऊन खाली बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो गर्दीतून वाट काढत नाड्याजवळ आला.

"धनी, धनी! पानी तिकडं..."

"मधी बोलू नगं!" पाटील गरजले. "गनीभाईची मोजनी चुकंल!"

"पर धनी, गव्हात..."

"हो बाजूला!" आणि मोट पडली.

दिवस कलताना गनीभाईने दोन्ही मडकी पालथी करून खडे लावले. पाटलांचे थोडे जास्त भरले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, दोन पावलं चालवलं आणि वजन लक्षात आल्यावर अदबीने खाली ठेवलं. पाटील हसत, धापा टाकत, आपलं भिजलेलं रान बघायला बैलांसकट खाली उतरले. तिथे त्यांच्या पाटात धूळ उडत होती.

फाट्यावर गोजरबाई उभी होती, पायापासून कमरेपर्यंत चिखल. मालनबाई बांधावर बसून पाय धूत होती आणि मध्ये पडायची तिची अजिबात इच्छा दिसत नव्हती. आता बोलायचं कोणामार्फत? गोजरबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खिल्लारी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

"बैला, तुझ्या धन्याला सांग, मी कुनाचं पानी वळवलं न्हाई. वळवनारा शर्यत बघाया गेला. बांध त्यानं फोडला न्हाई, मी बुजवला न्हाई. धन्याला इचार, ही मोकळी पाळी कुनाची?"

पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बायकोकडे बघितलं, बायको पाय धूत राहिली. मग त्यांच्या पोटातून आधी हळू, मग गदागदा हसू वर आलं. तेही बैलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याच्या कानापाशी वाकले.

"बैला, हिला सांग, पंचवीस वर्सं पाटीलकी केली, पर मला कुनी घाम गाळायला लावून वर माझ्याकडनंच गानं न्हाई म्हनवून घेतलं. रान तिचं. छगन असता तर त्यो बी असाच दात काढून हसला असता." एवढं बोलून ते बैल घेऊन घाईने चालू लागले. गोजरबाईने पदराने डोळे पुसले, त्यामुळे गालभर चिखल लागला.

गव्हाला दाणा भरला, टपोरा, पिवळा. माघाच्या शेवटी तो कापणीला आला आणि गोजरबाईपुढे नवी अडचण उभी राहिली. गावातले तरणे हात कोणी पलटणीत, कोणी कारखान्यात गेलेले. माणूस मिळेना. पण रोज सकाळी ओसरीवर कोणी ना कोणी येऊन बसत होतं. "वैनी, आता काय इचार? शर्यत कसली?" राधाकृष्णही यायचा, अहिंसेत बसणारा एखादा खेळ काढा म्हणायचा. पाटील स्वतः येत नव्हते, पण मालनबाईकडून विचारून घेत होते.

तिने पहिले दोन दिवस हसून टाळलं. तिसऱ्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "कापनीची लावू. कोन आदी आपल्या वाट्याची पात कापून संपवतंय बघू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तिला अंगावर ऊन पडावं तसं बरं वाटलं, आणि असं बरं वाटावं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

गुरुवारी अमावस्या आली, म्हणून शर्यत शुक्रवारी ठेवली. निम्मं गाव विळे परजून तिच्या रानात उतरलं. पाटील बांधावर पंच म्हणून बसले. पुंजाराम सगळ्यांच्या पुढे होता, गहू सपासप आडवा करत होता. हलगी तिने स्वतः सांगून मागवली होती.

दिवस कासराभर वर आला तेव्हा पुंजारामाची बायको ठकूबाई बांधावर येऊन उभी राहिली. तिच्या कडेला मूल होतं आणि पायांना कोरड्या कांद्याच्या वाफ्यातली धूळ.

"बाई," ती म्हणाली, "आज शुक्कुरवार. आमची पाळी हाय. कांदा माना टाकाया लागलाय. ह्यांना लावून द्या की."

गोजरबाईच्या हातातला विळा थांबला. हेच तोंड घेऊन त्या गुरुवारी आपण बांधावर रडत बसलो होतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती लगबगीने पातीच्या टोकाला गेली.

"भावजी! अवो भावजी, तुमची पाळी मोकळी चालली! जा बरं हिरीवर!"

"आता न्हाई वैनी!" मान वर न करता पुंजाराम ओरडला. "त्यो भेंडजळगावचा गडी माज्या बरोबरीला आलाय!"

हलगीने जोर धरला. लोक ओरडले. गोजरबाईने मागे वळून रानाकडे बघितलं. अजून निम्म्याहून जास्त गहू उभा होता, वाऱ्यावर वाजत होता, आणि एवढे हात पुन्हा कधी गोळा झाले नसते. बांधावर ठकूबाई वाट बघत उभी होती.

गोजरबाईने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.